फ्री सीट, पेमेंट सीट

स्मरणिकेत आठवणी भरपूर येतील, तेव्हा तू जरा वेगळे काही लिही, असे संपादक मंडळाने सुचवले. म्हणून हा थोडा इतिहास. फार जुना नाही. आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीतल्या निम्म्याशिम्म्या मुलामुलींच्या अंगावरून गेलेला आहे.

१९९८ साली बारावी विज्ञान झालेल्यांना ‘फ्री’ आणि ‘पेमेंट’ हे शब्द समजावून सांगायची गरज नाही. आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांना मात्र सांगावे लागतील, कारण ही व्यवस्था जेमतेम दहा वर्षे टिकली. खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या निम्म्या जागांना सरकारी महाविद्यालयाएवढीच फी, त्या फ्री सीट. उरलेल्या निम्म्या जागांना कितीतरी पट फी, त्या पेमेंट सीट. भरायच्या दोन्ही गुणांनुसारच. यादीत वर असलेल्याला फ्री, खाली असलेल्याला पेमेंट. वर्ग एक, शिक्षक एक, प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोपही एकच (तो बहुधा बंद असायचा). फीच्या पावतीवरचा आकडा तेवढा वेगळा.

मी फ्री सीटवर होते. होस्टेलवरची माझी खोलीसोबतीण पेमेंटवर. तिचे वडील सोलापूर जिल्ह्यातले ऊस उत्पादक. ऊस म्हटले की शहरातल्या लोकांना पैसा दिसतो, पण त्यांची शेती पाच एकर होती आणि मुलीची पहिल्या वर्षाची फी त्यांनी पतपेढीतून उचलली होती. बँकांची शैक्षणिक कर्जाची देशव्यापी आदर्श योजना आली २००१ साली, म्हणजे आमचे शिक्षण संपत आल्यावर. माझे वडील सरकारी नोकरीत, दरमहा पगार. माझी फी कमी आणि तिची जास्त का, तर बारावीला मला तिच्यापेक्षा काही गुण अधिक होते. आणि तिची फी इतकी जास्त का, तर माझ्या शिक्षणाचा उरलेला खर्च तिच्या फीतून निघत होता. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. योजनेची रचनाच तशी होती, आणि ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली होती.

असा हिशेब देशातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी का घातला असेल, हा प्रश्न मला पुढे अनेक वर्षे पडत राहिला. नोकरी सांभाळून, जमेल तसे वाचत गेले. त्यातून एवढे कळले की आपल्याकडे उच्च शिक्षण कशासाठी आणि त्याचा खर्च कोणी करायचा, हे दोन प्रश्न सुरुवातीला एकत्र विचारले जात असत. मग कधीतरी पहिला प्रश्न गळाला आणि दुसराच उरला.

इंग्रजांपुरते बोलायचे तर त्यांना दोन्ही प्रश्नांची उत्तरे ठाऊक होती. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. आजच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ते मूळ. पूल, कालवे, धरणे, रेल्वे यांच्या कामांवर हाताखालचे अधिकारी हवे होते, ते तयार करणे हा त्याचा हेतू. सरकारला माणसे हवीत म्हणून सरकारचा खर्च, सरळ व्यवहार. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेही लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. मात्र या यंत्रातून मालकाला अपेक्षित नसलेली माणसेही बाहेर पडली. १८६२ सालच्या पहिल्या बी. ए. तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. शिक्षणाबाबत हा एक दिलासा कायम असतो. ते ज्याने ज्यासाठी दिले त्यासाठीच वापरले जाईल, याची खात्री कोणालाच देता येत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मात्र आपल्याच माणसांनी हे दोन्ही प्रश्न नव्याने विचारले, आणि त्यांची मला सर्वांत मोलाची वाटणारी उत्तरे महाराष्ट्रात सापडतात. मुंबईत १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे. वेळापत्रकातला एवढासा बदल, पण महाविद्यालय कोणासाठी आहे याचे उत्तर त्यातच आहे. पुढच्याच वर्षी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले.

भाऊरावांबद्दल आपण शाळेत धडा वाचला होता, दाढीवाले चित्रही सर्वांना आठवत असेल. धड्यात नसते ते सांगते. हा माणूस आधी विक्रेता होता. ओगल्यांच्या कंदिलांसाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी त्यांनी गावोगाव फिरती केली होती. त्यामुळे खेड्यातल्या माणसाच्या खिशात किती पैसे असतात आणि कोणत्या महिन्यात असतात, हे त्यांना कोणत्याही शिक्षणतज्ज्ञापेक्षा अधिक कळत असावे. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवणार, ही तिथली अट. पुढे पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मुलांनी शेतात राबावे, बांधकामावर काम करावे आणि त्यातून आपला खर्च भागवावा, ही ‘कमवा आणि शिका’ची पद्धत तिथे रुजली आणि १९४७ साली ती महाविद्यालयापर्यंत पोचली.

आज या योजनेकडे आपण गरिबांसाठीची सवलत म्हणून पाहतो. ग्रंथालयात दोन तास बसा, मानधन घ्या. मुळात ती सवलत नव्हतीच. फी भरण्याची रीत हाच शिक्षणाचा एक भाग होता. आपल्या हाताने आपला खर्च उचलणारा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा कोणाचा मिंधा असणार नाही, आणि कष्ट करणाऱ्याला हलकाही समजणार नाही. स्वतंत्र देशाला असा पदवीधर लागतो. खर्च कोणी करायचा आणि शिक्षण कशासाठी, या दोन्ही प्रश्नांना साताऱ्यात एकच उत्तर होते.

जवळपास त्याच काळात दिल्लीत डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला होता. १९४८ साली नेमणूक, १९४९ साली अहवाल. या आयोगात आर्थर मॉर्गन नावाचे एक अमेरिकी सदस्य होते. पेशाने अभियंता. टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणे आणि वीज उभी करणाऱ्या प्राधिकरणाचे ते पहिले अध्यक्ष, आणि त्याआधी ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजचे प्रमुख. त्या कॉलेजात विद्यार्थी काही काळ वर्गात शिकत आणि काही काळ बाहेर खरी नोकरी करत, आळीपाळीने. साताऱ्याचे भाऊराव आणि ओहायोचे मॉर्गन एकमेकांना माहीत होते की नव्हते, याला फारसे महत्त्व नाही. वेगवेगळ्या वाटांनी ती दोघे एकाच ठिकाणी आली होती. आयोगाच्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची जी कल्पना आहे तिच्यामागे मॉर्गनच होते. शिवाय आयोगाने ‘सामान्य शिक्षण’ हा आग्रह धरला. विद्यार्थी एकाच विषयात फार लवकर कोंडला जाऊ नये, लोकशाहीत राहणाऱ्या माणसाला आपला समाज, इतिहास, विज्ञान यांची एकत्रित जाण हवी, असा त्याचा अर्थ. आयआयटींनी हे थोडेफार पाळले, तिथे मानव्यविद्यांचा विभाग असतो. आमच्या अभ्यासक्रमात चार वर्षांत त्या नावाखाली ‘कम्युनिकेशन स्किल्स’ होते. त्यात रजेचा अर्ज लिहायला शिकवले.

आता १९८३ कडे येते, कारण आपल्या पिढीचे नशीब तिथे ठरले.

तोवर महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये मोजकीच होती. जागा थोड्या, इच्छुक फार. ज्यांच्याकडे पैसे होते ते आपली मुले कर्नाटकात पाठवत. देणगी घेऊन प्रवेश देणारी खासगी महाविद्यालये तिथे आधीपासून होती. मणिपालचे वैद्यकीय महाविद्यालय तर १९५३ चे. मराठी मुले आणि मराठी पैसा सीमेपलीकडे जात होता. सरकारच्या तिजोरीत नवी महाविद्यालये काढायला पैसा नव्हता. तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. दादा स्वतः फारसे न शिकलेले. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून निसटताना गोळी खाल्लेला हा स्वातंत्र्यसैनिक. चाळीस वर्षांनी त्याच माणसाच्या एका निर्णयाने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचे रूप पालटले.

या निर्णयाला शिव्या देणे सोपे आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या शेजारी महाविद्यालये उभी राहिली, ‘साखरसम्राट’ या शब्दाच्या जोडीला ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठीत आला, आणि ‘डोनेशन’ हा तर घरोघरी जेवणाच्या ताटावरचा विषय झाला. कायद्याने देणगीला बंदी घालावी लागली, १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा तोच. त्याच वर्षी संसदेने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेलाही कायद्याचे बळ दिले. बंदीनंतर देणगी थांबली असे कोणी म्हणणार नाही. तिच्या पावत्या थांबल्या.

तरीही मला १९८३ चा निर्णय संपूर्ण चुकीचा म्हणवत नाही. आपल्या वर्गातल्या ज्या मुली अभियंता झाल्या त्यांची नावे मनात मोजून पाहा. आपल्या गावातल्या किती पालकांनी त्या काळी मुलीला धारवाडला किंवा मणिपालला पाठवले असते? साठ किलोमीटरवर, एसटीने शनिवारी घरी येता येईल अशा ठिकाणी महाविद्यालय निघाले म्हणून आम्हाला पाठवले गेले. हे काढणाऱ्यांच्या मनात नसेलही. पण रानड्यांच्या वेळी सांगितलेला दिलासा इथेही लागू आहे.

पैशाचा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. मोहिनी जैन या उत्तर प्रदेशातल्या विद्यार्थिनीला कर्नाटकातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश हवा होता. सरकारी कोट्यातल्या जागेला वर्षाला २,००० रुपये फी, आणि तिच्यासारख्या परराज्यातल्या विद्यार्थ्याला ६०,००० रुपयांपर्यंत. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शिक्षण हा मूलभूत हक्क आहे आणि कॅपिटेशन फी घटनाबाह्य आहे. निकाल ऐकायला फार चांगला, पण मग खासगी महाविद्यालये चालणार कशावर? म्हणून लगेच पुढच्या फेब्रुवारीत, १९९३ साली, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उन्नीकृष्णन खटल्यात हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क, त्यापुढचे सरकारच्या आर्थिक कुवतीप्रमाणे, अशी विभागणी त्यांनी केली. २००२ च्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षणाचा हक्क घटनेत आला, त्याची एक वाट इथून निघते. आणि व्यावसायिक महाविद्यालयांसाठी याच निकालाने योजना आखून दिली: निम्म्या फ्री, निम्म्या पेमेंट.

योजनेचा हेतू निर्मळ होता. हुशार पण गरीब मुलाला पैशाअभावी परत जावे लागू नये, ज्याला परवडते त्याने थोडे जास्त द्यावे. चूक गृहीतकात होती. फ्री सीट गरिबाला मिळेल आणि पेमेंट सीट श्रीमंताला, हे कोणी तपासून पाहिले नव्हते. प्रत्यक्षात गुण कोणाला जास्त पडत होते? शहरातल्या चांगल्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्यांना, तीन-तीन क्लास लावणाऱ्यांना, ज्यांच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र खोली होती त्यांना. आणि दहा-वीस गुणांनी मागे राहत होती तालुक्याच्या गावातली मुले. आमच्या धंद्यात हे रोज पाहायला मिळते. गृहीतक चुकलेले असेल तर प्रोग्राम अडखळत नाही, चुकीचे उत्तर झपाट्याने आणि बिनचूक काढून देत राहतो.

इथे सात वाजता, शाळा भरण्याआधी, एक पैसा न घेता दोन वर्षे गणित शिकवणाऱ्या आपल्या सरांची आठवण येणे साहजिक आहे. माझ्या त्या अधिक गुणांचा पाया त्यांचा आहे. पण कोणत्याही राज्याचे शिक्षणधोरण असे सर प्रत्येक गावात असतील असे धरून आखता येत नाही.

ही गोष्ट न्यायालयानेही शेवटी मान्य केली. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने उन्नीकृष्णन योजना रद्द केली. (हे पै म्हणजे मणिपालचेच. कर्नाटकात सुरू झालेली गोष्ट फिरून कर्नाटकाच्याच नावावर येऊन थांबली.) निकालाचा त्या भागातला आशय असा की, वरच्या निम्म्या विद्यार्थ्यांची ऐपत कमी असेल असे मानून योजना केली गेली, वास्तव उलट निघाले, आणि पेमेंट सीटवाला विद्यार्थी स्वतःचा खर्च तर उचलतोच, वर फ्री सीटवरच्या वर्गमित्राचाही उचलतो. आमची पदवी त्याच वर्षीच्या जूनमध्ये हातात आली होती. अकरा न्यायमूर्तींच्या निकालात आमच्या होस्टेलच्या खोलीचे वर्णन सापडेल, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

त्यापुढचा भाग भराभर सांगते. २००३ च्या निकालाने फी ठरवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्या आल्या. २००५ साली इनामदार खटल्यात, हा पुण्यातून गेलेला, विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही असे ठरले, आणि लगेच ९३ वी घटनादुरुस्ती करून संसदेने ती वाट पुन्हा उघडली. आता प्रत्येक महाविद्यालयाची फी वेगळी ठरते आणि ज्यांना सवलत आहे त्यांची फी सरकार संस्थेला देते, अनेकदा उशिरा. मधल्या काळात महाविद्यालये इतकी झाली की हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या आणि काही संस्थांना टाळे लागले. १९८३ साली जागा कमी होत्या, तीस वर्षांनी विद्यार्थी कमी पडले. २०२४ पासून, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार पूर्ण भरते. माझ्या खोलीसोबतिणीच्या वडिलांना पंचवीस वर्षे आधी जन्माला यायला नको होते, एवढेच म्हणते.

हे सगळे खटले आणि कायदे ओळीने वाचताना मला एक गोष्ट जाणवली. प्रवेश कोणाला, किती फीने, कोणाच्या कोट्यातून, यावर हजारो पाने आहेत. प्रवेश मिळाल्यावर आत काय व्हावे, यावर जवळजवळ काही नाही. यात न्यायालयाचा दोष नाही. जागा नाकारली म्हणून याचिका करता येते. चार वर्षांत एकही पुस्तक अभ्यासक्रमाबाहेरचे हातात दिले नाही म्हणून याचिका करता येत नाही. दोष असेल तर बाकीच्यांचा. विधिमंडळाने, विद्यापीठाने, पालकांनी आणि आम्ही विद्यार्थ्यांनीही शिक्षणाचा प्रश्न म्हणजे प्रवेशाचा प्रश्न असेच मानले.

याचा एक नमुना देते. १९८९ पासून मतदानाचे वय अठरा झाले. आपल्या तुकडीने पहिले मत १९९९ साली दिले. लोकसभा आणि विधानसभा एकदमच होत्या, आठवत असेल. देशाचे आणि राज्याचे सरकार निवडायला आम्ही लायक होतो. पण महाविद्यालयात वर्गप्रतिनिधी निवडायला नव्हतो! राज्याच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या होत्या. आधीच्या वर्षी ज्याचे गुण सर्वांत जास्त तो वर्गप्रतिनिधी. निवडणुकांत हिंसा झाली होती, खून पडला होता, त्यामुळे बंदीमागचे कारण खरे होते. पण चार वर्षांत ना आम्ही कोणाला निवडून दिले, ना कोणाला पाडले, ना कोणी आमच्याकडे येऊन मेसच्या जेवणाबद्दल आश्वासन दिले. गुण जास्त म्हणून फी कमी, गुण जास्त म्हणून प्रतिनिधीही. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, पण ती कागदावरच रेंगाळली. राधाकृष्णन आयोगाला विद्यापीठातून लोकशाहीचे नागरिक घडवायचे होते. त्यांचा सराव कुठे व्हावा अशी अपेक्षा होती, कोण जाणे.

भाऊराव आणि मॉर्गन यांची जी कल्पना, शिकणे आणि काम करणे एकत्र असावे ही, ती मला महाविद्यालयात भेटली नाही. शाळेत मात्र भेटली होती, तिचे नाव तेव्हा ठाऊक नव्हते इतकेच. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्याचे, शिक्षणाच्या कामात आयुष्य घालवलेले. त्यांच्या आयोगाचा तो शब्द प्रवास करत करत आपल्या वेळापत्रकात शुक्रवारच्या शेवटच्या तासापर्यंत येऊन पोचला होता. आपण त्या तासाला खडू करायचो. साच्याला तेल लावायचे, प्लास्टर ऑफ पॅरिस कालवायचे, ओतायचे आणि व्हरांड्यात उन्हात वाळत घालायचे. शाळा ते आपल्याकडून विकत घ्यायची आणि त्या पैशातून सहलीला न परवडणाऱ्या मुलांची वर्गणी भरली जायची. कोणाची भरली, हे बाईंनी कधी सांगितले नाही. खडू मऊ व्हायचे, फळ्यावर जोर दिला की मधोमध तुटायचे. सर तुटलेले तुकडे खिशात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच पुन्हा गणित सुरू करायचे.